आधी रक्तदाब, मग औषध: तातडीच्या इंट्युबेशनसाठी भुलीचे औषध कसे निवडावे

रात्रपाळीवरच्या नव्या रेसिडेंटचा फोन बहुतेक वेळा एकाच प्रश्नाने सुरू होतो: "सर, ट्यूब टाकायची आहे, केटामाइन देऊ की प्रोपोफॉल?" त्यावर मी रुग्णाचा रक्तदाब, नाडी आणि अंदाजे वजन विचारतो, आणि पुष्कळदा पलीकडे काही क्षण शांतता असते. औषधाचे नाव ठरवण्याआधी हे तीन आकडे हातात नसतील, तर निवड नुसत्या सवयीने होते, आणि तातडीच्या इंट्युबेशनमध्ये (श्वासनलिकेत नळी घालण्यात) सवयीने दिलेला डोस रुग्णाला महागात पडतो. ग्वाल्हेरमध्ये भूलशास्त्राच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी महाराष्ट्रातून आलेली आणि इथल्याच लष्कर नावाच्या भागातल्या मराठी घरांतून आलेली मुले मला भेटत असतात. त्यांच्याशी वॉर्डात तुकड्यातुकड्याने जे बोलतो, ते येथे सलग लिहीत आहे. हा मजकूर श्वासमार्ग हाताळण्याचे प्रशिक्षण घेतलेल्या किंवा वरिष्ठांच्या देखरेखीखाली ते घेत असलेल्या डॉक्टरांसाठी आहे.

पद्धत सर्वांना ठाऊक आहे. रुग्णाचे पोट भरलेले आहे असे गृहीत धरायचे, भरपूर ऑक्सिजन द्यायचा, झोपेचे औषध आणि त्याच्या पाठोपाठ जलद काम करणारे रिलॅक्संट, म्हणजे स्नायू सैल पाडणारे औषध, शिरेतून सोडायचे आणि साधारण एका मिनिटात ट्यूब श्वासनलिकेत घालायची, म्हणजे पोटातील द्रव फुप्फुसात जाण्यास कमीत कमी वेळ मिळतो. या क्रमाची सुसूत्र मांडणी १९७० मध्ये झाली, तेव्हा ती मुख्यतः ऑपरेशन थिएटरमधील रुग्णांसाठी होती. त्या रुग्णाचे पोट भरलेले असे, पण हृदय बहुधा धड असे. आज कॅज्युअल्टीत आणि आयसीयूत आपल्यासमोर येणारा रुग्ण वेगळा असतो. २९ देशांतील सुमारे तीन हजार गंभीर रुग्णांच्या इंट्युबेशनची पाहणी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली, त्यात ४० टक्क्यांहून अधिक रुग्णांचे रक्ताभिसरण ट्यूब टाकताना किंवा त्यानंतर लगेच ढासळले होते. ट्यूब न जाणे या भीतीने आपण व्हिडिओ लॅरिंगोस्कोप (घशाच्या आत पाहण्याचे उपकरण), बुजी (ट्यूबला वाट दाखवणारी लवचीक काडी), सगळे जवळ घेऊन बसतो. ट्यूब गेल्यावर रक्तदाब जाणे ही तितकीच मोठी भीती असायला हवी.

सिरिंज भरण्यापूर्वी

नाडीला वरच्या रक्तदाबाने भागावे. हा भागाकार म्हणजे शॉक इंडेक्स; शॉक म्हणजे अवयवांना पुरेसे रक्त न पोहोचणे. तो ०.९ च्या वर गेला, तर मॉनिटरवर रक्तदाब ११० दिसत असला तरी हा रुग्ण भुलीनंतर कोसळू शकतो असे समजावे. समजा, मुरैन्याहून आलेल्या साठ किलोच्या माणसाची नाडी १२८ आणि रक्तदाब ८४/५० आहे, म्हणजे भागाकार दीडच्या पुढे गेला. अशा वेळी कोणतेही औषध निवडा, ते आधीच अपुऱ्या असलेल्या रक्ताभिसरणावर पडणार आहे. म्हणून औषध देण्याआधी रक्ताभिसरण सावरावे. रक्तस्राव असेल तर रक्त सुरू करावे. पाण्याची कमतरता स्पष्ट असेल तर सलाइन द्यावे. सेप्सिस (जंतुसंसर्गाने अवयव बिघडणे) असेल तर हातातल्या चांगल्या, जाड शिरेतूनच रक्तदाब वाढवणारे नॉरअॅड्रेनॅलिन चालू करावे आणि सेंट्रल लाइनची (मोठ्या शिरेत घातलेल्या नळीची) वाट पाहत बसू नये. शिवाय रक्तदाब चटकन चढवणारे मेफेन्टरमिन किंवा फेनाइलएफ्रिन सौम्य करून, लेबल लावून, सिरिंजमध्ये भरून उशाशी ठेवावे. रक्तदाब पडल्यावर ॲम्प्युल फोडायला धावणारे हात थरथरतात आणि चुका तिथेच होतात.

ऑक्सिजनसाठी घट्ट बसवलेल्या मास्कने किमान तीन मिनिटे द्यावीत. सॅच्युरेशन आधीच खाली असलेल्या रुग्णाला जमेल तिथे नॉन-इन्व्हेजिव्ह व्हेंटिलेशनवर (मास्कमधून दाबाने हवा देणाऱ्या यंत्रावर) ठेवून मगच औषध द्यावे. २०२४ मधल्या एका मोठ्या अमेरिकन चाचणीत असे केल्याने इंट्युबेशनच्या वेळी ऑक्सिजन घातक पातळीपर्यंत घसरण्याचे प्रमाण साडेअठरा टक्क्यांवरून नऊ टक्क्यांवर आले होते. रुग्ण भांडत असेल, मास्क ओढून काढत असेल, तर थोडे केटामाइन देऊन, तो शांत पण श्वास घेत असताना ऑक्सिजन भरून घेता येतो. ही युक्ती फार उपयोगी आहे.

झोपेचे औषध

माझी पहिली पसंती बहुतेक गंभीर रुग्णांमध्ये केटामाइनला असते. १९६२ मध्ये प्रयोगशाळेत तयार झालेले हे औषध झोप आणि वेदनाशमन दोन्ही देते, श्वास सहसा बंद करत नाही, श्वासनलिका सैलावते आणि शरीरातील कॅटेकोलामाइन (ताणाच्या वेळी हृदयाला चालना देणारी संप्रेरके) सोडवून नाडी व रक्तदाब सावरून धरते. नेहमीचा डोस किलोमागे १ ते २ मिलिग्रॅम, परिणाम साधारण एका मिनिटाच्या आत, आणि झोप दहा ते वीस मिनिटे. दम्याने थकून गेलेल्या रुग्णासाठी याहून चांगले औषध आपल्या कपाटात नाही.

परंतु "केटामाइन रक्तदाब वाढवते" हे वाक्य अर्धे आहे, आणि अर्ध्या वाक्यावर विसंबून मी माणसे कोसळताना पाहिली आहेत. केटामाइन स्वतः हृदयाच्या स्नायूला दाबते. रक्तदाब वाढतो तो शरीराने साठवलेल्या कॅटेकोलामाइनमुळे. तीन दिवस सेप्सिसशी झुंजणाऱ्या किंवा तासन्‌तास रक्त गमावलेल्या रुग्णाकडे तो साठा उरलेलाच नसतो, आणि मग पूर्ण डोस दिला की औषधाची दुसरी बाजू उघडी पडते. म्हणून शॉकमधील रुग्णाला किलोमागे ०.५ मिलिग्रॅमपासून सुरुवात करावी, फार तर १ मिलिग्रॅमपर्यंत जावे. वरच्या साठ किलोच्या रुग्णाला हा डोस ३० मिलिग्रॅम होतो. येथे एक व्यवहाराची गोष्ट सांगतो. केटामाइन आपल्याकडे मिलिलिटरमागे ५० मिलिग्रॅम अशाही वायलमध्ये येते आणि १० मिलिग्रॅम अशाही. लेबल न वाचता "तीन सीसी" म्हटले तर पहिल्या वायलमधून १५० मिलिग्रॅम जातात. मी ५० च्या वायलमधले १ मिलिलिटर घेऊन त्यात ४ मिलिलिटर सलाइन मिसळतो, म्हणजे मिलिलिटरमागे १० मिलिग्रॅम होतात आणि अंधुक उजेडातही हिशेब चुकत नाही. हे औषध शेड्यूल एक्समध्ये (कडक नियंत्रणातील औषधांच्या सरकारी यादीत) असल्यामुळे कुलुपात असते. किल्ली कोणत्या सिस्टरकडे आहे, हे ड्यूटीवर येतानाच विचारून ठेवावे.

डोक्याला मार लागलेल्या रुग्णाला केटामाइन देऊ नये, असे आमच्या पिढीला शिकवले होते. ती भीती जुन्या, थोड्या आणि वेगळ्या प्रकारच्या रुग्णांवरील निरीक्षणांतून आली होती. नंतरच्या कामाने तिला आधार मिळाला नाही. उलट, मेंदूला गंभीर इजा झालेल्या रुग्णाचा वरचा रक्तदाब एकदा जरी ९० च्या खाली गेला, तरी मृत्यूचा धोका जवळजवळ दुपटीने वाढलेला आढळतो, हे १९९० च्या दशकापासून माहीत आहे. त्यामुळे रक्तदाब पाडणारे औषध ही तेथे खरी चूक ठरते. अशा रुग्णाचा रक्तदाब आधीच खूप चढलेला असेल, तर मात्र मी दुसरे औषध घेतो.

ते दुसरे औषध बहुधा एटोमिडेट. किलोमागे ०.३ मिलिग्रॅम, शॉकमध्ये त्याच्या निम्मे; परिणाम अर्ध्या मिनिटात आणि झोप पाच-दहा मिनिटे. हृदयविकाराचा झटका, महाधमनीचा गंभीर आजार, चढलेली नाडी परवडणार नाही असा रुग्ण, यांच्यासाठी ते चांगले, कारण ते नाडी आणि रक्तदाब दोन्ही फारसे हलवत नाही. हातपाय झटकले जातात, ती आकडी समजून घाबरू नये. पाठोपाठ रिलॅक्संट जाणारच असते. त्याच्यावरचा खरा आक्षेप मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथींचा आहे. ग्लासगोच्या आयसीयूत हे औषध दिवसेंदिवस इन्फ्युजनने दिलेल्या रुग्णांचे मृत्यू वाढल्याचे १९८३ मध्ये लक्षात आले, आणि मग कळले की ते या ग्रंथींतील कॉर्टिसॉल हे संप्रेरक बनवणाऱ्या एन्झाइमलाच अडवते. एका डोसनेही हा अटकाव एक दिवसभर किंवा त्याहून अधिक टिकतो. तरीही २००९ मधील फ्रान्समधल्या सुमारे साडेसहाशे रुग्णांच्या चाचणीत एटोमिडेट आणि केटामाइन यांच्या एकेका डोसनंतर अवयवांच्या बिघाडात किंवा मृत्यूत ठोस फरक दिसला नाही. माझा निष्कर्ष असा की सेप्सिसमध्ये केटामाइन उपलब्ध असताना एटोमिडेटकडे जाण्याचे कारण नाही, पण दुसरे काही हाताशी नसेल तर केवळ ग्रंथीच्या भीतीने ते टाळण्याचेही कारण नाही. इन्फ्युजन मात्र कधीच नाही.

प्रोपोफॉलबद्दल मला जरा कठोरपणे लिहायचे आहे. थिएटरमध्ये रोज वापरल्यामुळे ते हाताला सवयीचे असते, पांढरी सिरिंज आपोआप उचलली जाते. शिरा सैलावणे आणि हृदयाची ताकद कमी करणे ही दोन्ही कामे ते एकाच वेळी करते, आणि वर उल्लेखलेल्या आंतरराष्ट्रीय पाहणीतील माहितीच्या पुढील विश्लेषणातही प्रोपोफॉलचा आणि रक्ताभिसरण कोसळण्याचा संबंध दिसून आला. मी रेसिडेंट असताना आतड्याला छिद्र पडलेल्या एका वृद्ध गृहस्थांना १०० मिलिग्रॅम प्रोपोफॉल दिले. वजन पन्नास किलो, म्हणजे पुस्तकाप्रमाणे डोस बरोबर होता. दीड मिनिटात नाडी लागेना. ते वाचले, पण छातीवर दाब द्यावा लागला, आणि त्यांच्या पत्नीला बाहेर जाऊन काय झाले हे मी सांगितले तेव्हा "आजारच मोठा होता" असे म्हणण्याचा मोह मला झाला होता. आजार मोठा होता, आणि म्हणूनच डोस लहान हवा होता. न थांबणाऱ्या आकडीचा, पण रक्तदाब चांगला असलेला तरुण रुग्ण, हे प्रोपोफॉलचे योग्य स्थान. तेथे किलोमागे १.५ ते २ मिलिग्रॅम द्यावे. वृद्धाला त्याच्या निम्म्याहून कमी. शॉकमध्ये ते नकोच.

थायोपेंटोनचेही तेच, किलोमागे ३ ते ५ मिलिग्रॅम, रक्तदाब चांगला असेल तरच; शिरेबाहेर गेले तर ऊती जळतात. आणि एकट्या मिडाझोलमवर इंट्युबेशन करण्याची लहान रुग्णालयांतील पद्धत सोडून द्यावी. दोन मिलिग्रॅमने झोप लागत नाही, झोप लागेल एवढा डोस द्यावा तर परिणामाला दोन-तीन मिनिटे लागतात आणि रक्तदाब पडतो तो पडतोच.

रिलॅक्संट: येथे हात आखडता घेऊ नये

शॉकमध्ये झोपेचे औषध निम्मे करावे, हे ऐकल्यावर काही जण रिलॅक्संटही निम्मे करतात. हे अगदी उलटे आहे. रक्ताभिसरण मंद असले की औषध स्नायूंपर्यंत उशिरा पोहोचते, म्हणून रिलॅक्संटचा डोस पूर्ण किंवा थोडा जास्तच द्यावा आणि घड्याळाकडे पाहत आणखी अर्धा मिनिट थांबावे. अर्धवट सैल झालेल्या जबड्यात लॅरिंगोस्कोप घातला की उलटी होते, आणि सगळी पद्धत जिच्यासाठी आहे तीच गोष्ट हातची जाते.

स्कोलीन, म्हणजे सक्सिनिलकोलीन, एकूण वजनावर किलोमागे १.५ मिलिग्रॅम, ४५ ते ६० सेकंदांत स्नायू सैल आणि सहा ते दहा मिनिटांत परिणाम ओसरतो. ते स्वस्त आहे, वेगवान आहे, आणि ज्या रुग्णांत ते चालत नाही त्यांची यादी तोंडपाठ हवी: पोटॅशियम आधीच वाढलेले, भाजून एक दिवस उलटलेला, पाठीच्या कण्याची इजा, अर्धांगवायू किंवा स्नायू चिरडून तीन दिवस झालेले, आयसीयूत दीर्घकाळ अंथरुणाला खिळलेला, स्नायूंचा वंशपरंपरागत आजार असलेला, किंवा कुटुंबात कोणाला भुलीत घातक ताप चढल्याचा इतिहास असलेला. मूत्रपिंड निकामी आहे एवढ्यावरून मात्र ते टाळण्याची गरज नाही. पोटॅशियम साधारण असेल तर चालते. आमच्या शहरात आणखी एक अट आहे. स्कोलीन फ्रिजमध्ये, २ ते ८ अंशांत ठेवायचे औषध आहे. मे-जूनमध्ये येथे पारा ४५ च्या आसपास खेळत असतो आणि वीजही जात असते. ट्रॉलीवर दिवसभर पडून राहिलेल्या वायलवर मी विश्वास ठेवत नाही.

रॉक्युरोनियम किलोमागे १.२ मिलिग्रॅम, आदर्श वजनावर. हा डोस दिला तर ते वेगात स्कोलीनच्या अगदी जवळ येते, ०.६ दिला तर येत नाही. आपल्याकडील वायल बहुधा ५० मिलिग्रॅमची असते. साठ किलोच्या रुग्णाला ७२ मिलिग्रॅम लागतात, म्हणजे दोन वायल फोडाव्या लागतात. एकाच वायलवर भागवण्याची काटकसर मी अनेकदा पाहिली आहे, आणि मग "रॉक्युरोनियम हळू काम करते" अशी तक्रार ऐकली आहे. सुगॅमाडेक्सने ते लगेच उलटवता येते हे खरे, पण त्यासाठी किलोमागे १६ मिलिग्रॅम लागतात. साठ किलोला ९६० मिलिग्रॅम, म्हणजे २०० मिलिग्रॅमच्या पाच वायल. आपल्या कपाटात त्या पाच आहेत का, हे आधी मोजावे. नसतील, तर ट्यूब न गेल्यास पुढे काय, याचे उत्तर लॅरिंजियल मास्क (स्वरयंत्राच्या तोंडाशी बसणारा मास्क) आणि गळ्यावर छेद देऊन केलेला श्वासमार्ग हेच आहे, आणि ते साहित्य उघडून ठेवावे.

आमच्या भागात वारंवार येणारे रुग्ण

गव्हाच्या कोठारात ठेवायच्या सल्फासच्या गोळ्या, म्हणजे अॅल्युमिनियम फॉस्फाइड, खाऊन आलेला रुग्ण भिंड, मुरैना, दतियाकडून आम्हाला नेहमी पाहावा लागतो. तो पुष्कळदा शेवटपर्यंत शुद्धीवर असतो, बोलत असतो, आणि त्याचे हृदय मात्र फॉस्फीनने निकामी होत चाललेले असते. याला उतारा नाही. येथे नॉरअॅड्रेनॅलिन चालू असल्याशिवाय मी भूल देत नाही, केटामाइन किलोमागे ०.५ च्या पुढे नेत नाही आणि रॉक्युरोनियम पूर्ण देतो. त्याच्या रक्तात आम्ल इतके वाढलेले असते की तो वेगाने श्वास घेऊनच टिकून असतो. ट्यूब गेल्यावर व्हेंटिलेटर मिनिटाला १४ श्वासांवर लावला तर तो श्वासाचा आधार आपणच काढून घेतो. खिडक्या उघड्या ठेवाव्यात. त्याच्या पोटातून वायू बाहेर येत असतो आणि आपल्याभोवती सिस्टर, वॉर्डबॉय उभे असतात.

कीटकनाशक प्यायलेल्या, ऑर्गेनोफॉस्फरसच्या रुग्णात स्कोलीन टाळावे. ते ज्या एन्झाइमने मोडते तेच विषाने बंद पाडलेले असते, त्यामुळे दहा मिनिटांचा परिणाम कित्येक तास चालतो. रॉक्युरोनियम द्यावे, डोस पूर्ण. येथे त्याला थोडा जास्त वेळ लागू शकतो. आणि आधी अॅट्रोपिन, सक्शन चालू.

पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाला मण्यार चावते. दंश दुखत नाही, खूण दिसत नाही, पहाटे पोटात दुखते आणि पापण्या पडतात. हा रुग्ण आधीच लुळा असतो, त्यामुळे रिलॅक्संट बहुधा लागत नाही किंवा फार थोडे लागते. पण बाहुल्या मोठ्या, हालचाल शून्य, असे पाहून त्याला बेशुद्ध समजू नये. तो सर्व ऐकत असतो. असाच आलेला एक मुलगा बरा झाल्यावर, त्याच्या खाटेपाशी आम्ही काय बोललो होतो ते मला शब्दशः सांगून गेला. तेव्हापासून मी अशा रुग्णाला थोडे केटामाइन दिल्याशिवाय आणि कानाशी "घाबरू नकोस, श्वासासाठी नळी घालतो आहे" असे सांगितल्याशिवाय लॅरिंगोस्कोप उचलत नाही.

नातेवाइकांशीही दोन वाक्ये बोलण्याइतका वेळ असतो. चिटणीस की गोठ या इथल्या मराठी वस्तीतले एखादे काका विचारतात, "डॉक्टर, भूल दिल्यावर उठेल ना?" त्यांना "हो हो" म्हणू नये. "काका, भूल दिली नाही तर श्वास थांबेल, भूल देताना रक्तदाब पडू शकतो, त्याची तयारी करून ठेवली आहे" असे सांगावे. एवढे समजून घेण्याची त्यांची ताकद असते.

ट्यूब गेल्यानंतरचा एक तास

कॅप्नोग्राफवर (उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड दाखवणाऱ्या यंत्रावर) रेषा दिसली की सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात आणि नेमक्या याच वेळी एक चूक होते. एटोमिडेटची झोप दहा मिनिटांत उतरते, केटामाइनची वीस मिनिटांत, आणि रॉक्युरोनियम एक तास किंवा त्याहून अधिक टिकते. मधल्या वेळात रुग्ण जागा असतो, घशात नळी असते आणि त्याला बोट हलवता येत नाही. वाढलेली नाडी, डोळ्यांतून पाणी, मोठ्या बाहुल्या, या खुणा पाहाव्यात, पण खुणांची वाट पाहू नये. रिलॅक्संटची सिरिंज रिकामी होताच पुढच्या झोपेची सिरिंज भरायला सांगावी. शॉकमधील रुग्णाला वेदनाशामक फेंटानिल आणि थोडे थोडे केटामाइन, रक्तदाब सावरलेल्याला फेंटानिल आणि प्रोपोफॉलचे मंद इन्फ्युजन.

रुग्ण दिल्लीला पाठवायचा असेल, तर सव्वातीनशे किलोमीटरच्या त्या रस्त्यावर अॅम्ब्युलन्समधल्या माणसाला हे सर्व माहीत नसते. कागदावर रॉक्युरोनियम किती आणि किती वाजता दिले, झोपेचा शेवटचा डोस केव्हा, पुढचा केव्हा आणि किती मिलिलिटर, आणि रक्तदाब ९० च्या खाली गेल्यास कोणती सिरिंज उचलायची, हे मोठ्या अक्षरांत लिहावे, आणि ती सिरिंज लेबल लावून, भरून, त्याच्या हातात द्यावी.